सात जीव, एक शाळेचा दाखला आणि आपण

(पिंपरीतील संत तुकाराम नगर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

आजच्या बैठकीचा विषय तुमच्यापैकीच काहीजणींनी सुचवला. अल्पवयीन मुलाच्या हातून खून झाल्याची बातमी आली की आपल्या जिन्यात, नळावर, दवाखान्याच्या रांगेत एकच वाक्य ऐकू येतं, ‘वय कमी म्हणून सुटणार बघा!’ त्या वाक्यात राग आहे, भीती आहे, आणि मेलेल्या माणसाविषयी वाटणारी कळकळही आहे. त्या रागाला मी खोटं ठरवणार नाही. पण तो राग नक्की कोणावर काढायचा, हे ठरवण्यासाठी आपल्या शेजारच्या पुणे शहरात घडलेला एक खटला आज नीट समजून घेऊ. तो मुलगा शेजारच्या घरातला नव्हता. पण ज्या पोरांना आपण रोज दुकानात, टपरीवर, मेसमध्ये बघतो आणि ज्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं, त्यांच्यातला तो होता. तेही आपले शेजारीच.

ऑगस्ट 1994. पौड रोड, कोथरूड. कोथरूड तेव्हा झपाट्यानं वाढणारं उपनगर होतं, नव्या इमारती, नवी कुटुंबं. तिथल्या एका फ्लॅटमध्ये एकाच दिवशी सात जणांचा खून झाला. पाच बायका आणि दोन लहान मुलं. हेतू चोरीचा. त्या बायकांपैकी एक गरोदर होती. वर्तमानपत्रांनी त्याला ‘राठी हत्याकांड’ म्हटलं आणि आजही तेच नाव चालतं.

या नावापाशीच आपण जरा थांबू. मेलेल्या पाच बायकांमध्ये घरची आई होती, सून होती, मुली होत्या. आणि पाचवी त्या घरात काम करणारी बाई होती. ती राठी नव्हती. ती कामावर आली होती आणि कामाच्या जागीच मारली गेली. कारखान्यात प्रेसखाली हात गेला तर निदान ‘कामावर असताना’ असे शब्द कागदावर उमटतात. इथे बसलेल्या कितीजणींच्या घरात कारखान्यातला माणूस आहे, तुम्हाला हे सांगायला नको. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मेलेल्या बाईचा मृत्यू कामावरचा मृत्यू म्हणून कोणी मोजला? पुण्यात 1980 साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तरी महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं. म्हणजे ही बाई गेली तेव्हा तिच्या घरच्यांनी कोणत्या दारात जावं, याची वाटच नव्हती. हत्याकांडाला घराच्या मालकाचं नाव मिळालं, आणि तिचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत राहिलं. बाईचं काम दिसत नाही असं आपण नेहमी म्हणतो. तिचं मरणही दिसत नाही, हे इथे कळतं.

आता खटला. तीन तरुण पकडले गेले. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयानं फेब्रुवारी 1998 मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयानं 1999 मध्ये ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2000 मध्ये. पुनर्विचाराचा अर्जही फेटाळला गेला. पुढे दोघांपैकी एकाची फाशी राष्ट्रपतींनी 2016 साली जन्मठेपेत बदलली. दुसरा फाशीच्या सावलीतच राहिला.

या दुसऱ्याचं नाव मी घेणार नाही. ते छापून आलेलं आहे, शोधलं तर मिळेल. पण बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाची ओळख उघड करायची नसते, आणि जो नियम आपण दुसऱ्यांना सांगतो तो आपणही पाळावा.

होय, मी ‘बालक’ म्हणाले. हा मुलगा राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. अटक झाली तेव्हा कागदावर त्याचं वय विशीच्या आसपास लिहिलं गेलं. कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, हा प्रश्न सत्र न्यायालयात आला नाही, उच्च न्यायालयात आला नाही, सर्वोच्च न्यायालयात पहिल्या फेरीत आला नाही. कितीतरी वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. त्यात जन्मतारीख होती 1 फेब्रुवारी 1982. नाव थोडं वेगळं होतं, म्हणून सरकारी पक्षानं हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. आणि 27 मार्च 2023 रोजी निकाल दिला की रजिस्टरातला मुलगा आणि तुरुंगातला माणूस एकच, आणि गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय होतं 12 वर्षं 6 महिने.

साडेबारा वर्षं! आपल्याकडे साडेबारा वर्षांचा मुलगा सातवीत असतो.

तोपर्यंत तो 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातली बरीच वर्षं फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन. त्या वयाच्या मुलाला कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. म्हणून त्याला सोडण्यात आलं.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, सुटका म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. त्यानं गुन्हा केलाच नाही असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. इतक्या लहान वयाच्या मुलाला फाशी देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नव्हता, एवढंच म्हटलं आहे. दुसरी गोष्ट, हे काही नंतर झालेल्या एखाद्या ‘ढिल्या’ कायद्यामुळे घडलं नाही. 1994 सालीही 1986 चा बालन्याय कायदा लागू होता. त्यात 16 वर्षांखालचा मुलगा आणि 18 वर्षांखालची मुलगी अल्पवयीन मानली जात होती, आणि अशा बालकाला फाशी किंवा तुरुंगवास देता येत नव्हता. म्हणजे पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात कोणी शाळेचा दाखला मागवला असता, तर खटला वेगळ्याच दारातून गेला असता. 2000 च्या कायद्यानं मुलगा-मुलगी दोघांसाठी वय 18 केलं. वयाचा मुद्दा निकालानंतरही कधीही मांडता येईल, हे 2006 च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालं. आजच्या कायद्यात ते कलम 9 मध्ये आहे. त्याच आधारावर हा अर्ज झाला.

आता तुमचा प्रश्न मला दिसतो आहे. सात जीव गेले, त्यात दोन पोरं, एक पोटुशी बाई. आणि तुम्ही त्या मुलाच्या वयाचं काय सांगता?

मैत्रिणींनो, मी दोन्हींचं सांगते आहे. मेलेल्यांच्या बाजूनं उभं राहायचं तर मुलाच्या वयाकडे डोळेझाक करावी लागते, हे मला मान्य नाही. उलट पाहा. वय न विचारल्यानं त्या घरच्यांना काय मिळालं? ज्यांची माणसं गेली त्यांनी तीन न्यायालयांचे निकाल ऐकले, न्याय झाला असं मानून आयुष्य सावरलं. आणि जवळजवळ एकोणतीस वर्षांनी त्यांना सांगितलं गेलं की त्यातला एक निकाल मुळातच उभा राहत नव्हता. जुनी जखम पुन्हा उघडी झाली. हा त्यांच्यावरचा अन्यायच आहे, आणि तो दयेपोटी नव्हे, निष्काळजीपणापोटी झाला. तपास करणाऱ्यांनी, वकिलांनी, न्यायालयांनी आपलं साधं काम वेळेवर केलं असतं, तर तो टळला असता.

आणि वय का विचारलं गेलं नाही? कारण तो परप्रांतातून पोटासाठी आलेला पोरगा होता. हातात पैसा नाही, ओळखीचा वकील नाही, शाळा अर्धवट सुटलेली. अशा मुलाला जग लहान मानतच नाही. तो कामाला लागला की मोठा झाला! त्या काळी मिठाईच्या दुकानात किंवा हॉटेलात बारा वर्षांचा पोरगा राबताना कोणाला खटकत नव्हता. 1986 च्या बालकामगार कायद्यानं ठरावीक धोक्याचे उद्योग तेवढे बंद केले होते. घरकाम, ढाबे, हॉटेलं त्या यादीत आली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून. आणि 14 वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला बंदी झाली ती 2016 च्या दुरुस्तीनं, तीही घरच्या उद्योगाला शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सवलत ठेवून.

गरिबीमुळे खून होतात असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर आपल्या वस्त्यांचा अपमान होईल. हजारो पोरं राबतात, उपाशी झोपतात आणि कोणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. मी एवढंच म्हणते की ज्या मुलाला जवळचं मोठं माणूस नाही, शाळा नाही, रात्री परत जायला घर नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणारंही कोणी नसतं. तो कोणाबरोबर फिरतो, मोठी पोरं त्याला कशात ओढतात, हे कळायला शेजार लागतो. तो शेजार त्याला मिळत नाही.

आता शेजारी दुसरं चित्र ठेवा. 19 मे 2024 ची पहाट, पुण्यातलं कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या महागड्या गाडीखाली एक तरुण आणि एक तरुणी, दोघं इंजिनिअर, ठार झाले. हा खून नव्हे, हे मला कळतं. पण वयाची गोष्ट पाहा. या मुलाचं वय पहिल्या तासापासून सगळ्यांना पाठ होतं. काही तासांत जामीन झाला, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. त्याला प्रौढ मानून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बालन्याय मंडळानं जुलै 2025 मध्ये फेटाळली. त्या मुलाला बालक म्हणून वागवलं याबद्दल माझी तक्रार नाही. कायदा तसाच आहे. माझी तक्रार ही की तोच कायदा एका मुलाला पहिल्या दिवशी भेटला, आणि दुसऱ्याला भेटायला अठ्ठावीस वर्षं लागली. आपण ‘कायदा फार मऊ आहे’ म्हणतो तेव्हा नेमक्या कोणासाठी मऊ, हे विचारायला हवं.

स्त्री चळवळीत या प्रश्नावर कडाक्याचे वाद झालेले आहेत. 16 डिसेंबर 2012 च्या दिल्लीच्या घटनेत एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षं विशेष गृहात ठेवलं गेलं, तेव्हा देशभर संताप झाला. पण न्या. वर्मा समितीनं जानेवारी 2013 च्या अहवालात वय 18 वरून 16 वर आणू नये असंच सांगितलं होतं, आणि अनेक स्त्री संघटनांनीही तीच भूमिका घेतली. तरी डिसेंबर 2015 मध्ये संसदेनं नवा कायदा केला. 15 जानेवारी 2016 पासून तो लागू आहे. आता 16 ते 18 वयाच्या मुलानं घोर गुन्हा केला, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा, तर बालन्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज, गुन्ह्याची परिस्थिती पाहून त्याला प्रौढाप्रमाणे बाल न्यायालयात पाठवायचं का, हे ठरतं. तिथेही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. म्हणजे ‘वय कमी म्हणून सुटणार’ हे वाक्य आज जसंच्या तसं खरं नाही.

या कायद्याची दुसरी बाजूही बायकांना माहीत हवी. 2012 च्या पोक्सो कायद्यानं संमतीचं वय 18 केलं. सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडून घर सोडतात. मुलगी वेगळ्या जातीच्या घरात जाते, बाप चिडतो, तक्रार देतो, आणि त्या पोरावर घोर गुन्ह्याचं कलम लागतं. मग त्याच मूल्यांकनाच्या टेबलावर तोही उभा राहतो. खुनी मुलासाठी म्हणून मागितलेला कडकपणा असा फिरून आपल्याच मुलींच्या निवडीवर येऊन पडतो.

आणि खरोखर धोकादायक मुलगा? तोही असतो, नाही म्हणून चालणार नाही. मार्च 1990 मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात रिंकू पाटील या मुलीला जिवंत जाळलं गेलं. जाळणाऱ्यानं पुढे आत्महत्या केली, म्हणून त्याच्यावर खटला चालूच शकला नाही. तिथे शिक्षा कमी की जास्त हा प्रश्नच उरला नाही. पाठलाग होत असताना, धमक्या येत असताना, आजूबाजूच्यांनी काय केलं, एवढाच प्रश्न उरला. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला 2013 साल उजाडलं. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पण कलम येण्याआधी आणि आल्यानंतरही आपण म्हणतो काय? ‘वय आहे, सुधारेल.’ ‘आपल्याच बिल्डिंगमधला आहे, कशाला वाढवायचं?’ मुलीची शाळा बंद होते, मुलाची गॅलरी बंद होत नाही.

खून झाल्यावर दोन बायकांना आपण प्रश्न विचारतो. मेलेलीला विचारतो, दार उघडलंच कशाला? आणि आरोपीच्या आईला विचारतो, तुझं लक्ष कुठे होतं? बापाला कोणी विचारत नाही. मुलगा चांगला निघाला तर बापाचं नाव काढतो आणि वाईट निघाला तर आईचे संस्कार कमी पडतात! अशा आईकडे वस्ती पाठ फिरवते. तिला भाड्याचं घर सोडावं लागतं, कामं जातात, धाकट्या मुलांना शाळेत चिडवलं जातं. तिनं कोणता गुन्हा केला? आणि तिनंच पाठ फिरवली तर सुधारगृहातून बाहेर येणाऱ्या मुलाला उभं कोण करणार?

मग आपण इथे, संत तुकाराम नगरात, काय करू शकतो? मोठ्या घोषणा नकोत. चार कामं सांगते.

पहिलं. अल्पवयीन मुलाला पोलिसांनी नेलं असं कळलं की कोणीतरी दोघीजणींनी ठाण्यात जावं, मुलगा कोणाचाही असो. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, त्याला भेटावं. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, 24 तासांत बालन्याय मंडळापुढे न्यावं लागतं. वयाचा पुरावा त्याच दिवशी द्या. क्रम असा आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. गावची शाळा सुटलेली असली तरी दाखला आणून घरात ठेवा. त्या कागदाची किंमत काय असते, हे आता तुम्हाला सांगायला नको.

दुसरं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्याकडे तेराव्यानंतरही जा. तिथूनच खरी गरज सुरू होते. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तपास कुठपर्यंत आला हे 90 दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. सरकारी वकिलाला मदत करायला आपला वकील देता येतो, आरोपी सुटला तर अपील करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की पीडितांचं म्हणणं खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकलं गेलं पाहिजे. हे हक्क कागदावर आहेत. ते वापरायला कोणीतरी सोबत लागतं, आणि पीडितांमध्ये मोलकरणीचं घरही असतं हे विसरू नका.

तिसरं. आपल्या आसपास कोवळी पोरं कुठे राबतात ते डोळे उघडे ठेवून बघा. चहाची टपरी, गॅरेज, मेस, भंगाराचं गोदाम. चौदाच्या आतलं मूल दिसलं तर 1098 वर कळवा. नुसतं कळवून गप्प बसू नका. त्याला नाव विचारा, गाव विचारा, शाळा विचारा. कोणीतरी विचारतंय हे त्या मुलालाही कळू दे, त्याच्या मालकालाही आणि त्याच्याभोवती घुटमळणाऱ्या मोठ्या पोरांनाही.

चौथं. एखादा मुलगा मुलीच्या मागे लागतो, घरात आईवर हात उगारतो, मुक्या जनावरांना छळतो, हे दिसलं तर ‘वय आहे’ म्हणून सोडू नका. आधी त्याच्या आई-बापांशी, दोघांशी, बोला. शाळेशी बोला. समुपदेशकाकडे न्या. आणि मुलीला धोका वाटत असेल तर तक्रार द्या, तिच्या शब्दावर विश्वास ठेवून. वेळेवर केलेली तक्रार त्या मुलालाही पुढच्या मोठ्या गुन्ह्यापासून वाचवू शकते.

सेफ्टी डोअर बसवा, जरूर बसवा. पण दाराच्या आतल्या आपण सुरक्षित आणि बाहेरचे सगळे संशयित, अशी वस्ती आपल्याला करायची आहे का? त्या फ्लॅटच्या दारातून कामाची बाईही रोज आत जात होती. ती दाराच्या कोणत्या बाजूची होती?

मला वाटतं, सातही जणांची आठवण ठेवायची तर सातवीला विसरून चालणार नाही. आणि तसंच साडेबारा वर्षांच्या त्या मुलाचं वय विसरूनही चालणार नाही. दोन्ही ध्यानात ठेवणं जड जातं, रागाच्या भरात तर फारच जड जातं. पण ते आपण बायकांनी करायचं नाही तर कोणी करायचं?

मी इथे थांबते. आता तुम्ही बोला. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनी आधी बोलावं.